अन्यथा

वाळपईच्या बसस्टँडमागे माझं झेरॉक्सचं दुकान.
पाटीची एक बाजू उडालीय, नुसतं ‘रॉक्स’ उरलंय,
तरी लोक येतात.
आधार, एक-चौदाचा उतारा, पोरांचे दाखले,
आणि कॉपी नको असलेली ती पत्रं.
ती फक्त वाचून हवी असतात.

सत्यवती माजिक नगरगावहून आली, सकाळच्या बसने,
अळसांद्यांची पिशवी घेऊन.
पत्र पोलक्यात घडी केलेलं, घामाने मऊ झालेलं.
मऊ फक्त कागद.
आत होतं, यू आर हियरबाय डायरेक्टेड.
थकबाकी एक हजार एकशे शेहेचाळीस.
पंधरा तारखेच्या आत. फेलिंग विच
पुरवठा तोडण्यात येईल, पुन्हा सूचना न देता,
आणि परिणामांस आपण स्वतः जबाबदार.
आपण म्हणजे श्री. सोयरू भागू माजिक,
वारून अकरा वर्षं झालेले.

“रागान बरयलां काय गो?” तिने विचारलं.

मला प्रत्येक खात्याचा राग ओळखता येतो.
पाणी खातं एका दमात बोलतं, मध्ये पूर्णविराम नाही.
पंचायतीची घरपट्टी त्यामानाने घरची, शिक्का वाकडा.
वीज खातं ओरडत नाही,
दात न उघडता बोलतं.

म्हटलं, नाही मावशी, राग कसला.
म्हणतायत, जमेल तसं भरा, पंधराच्या आसपास.
‘फेलिंग विच’ गिळून टाकलं.
बारा वर्षं गिळते आहे.
काजूच्या बीचा डीक ओठाला भाजू नये
म्हणून बी पिळून काढतात
आणि नुसता बोंडू पोराच्या हातात देतात, तसं.

“मग पेन्शन येवंदे,” ती म्हणाली.
पेन्शन तीन महिने आली नव्हती.
त्याबद्दल तिला कोणी पत्र लिहिलं नव्हतं.

एकोणीस तारखेला लाइनमन आला.
कोपर्ड्याचा पोरगा, तिच्याच नात्यातला.
आधी पाणी मागून प्यायला,
मग खांबावर चढला.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात.
मला वाटलं, भांडेल.
मी मशीनची काच पुसत राहिले, पुसलेलीच.
तिने दुसरं पत्र काढून ठेवलं.
“आता आसा तसां वाच.”

वाचलं.
जोडणीचा आकार, दंड, दंडावरचं व्याज.
अन्यथाला अडखळले नाही.
ती उभी राहून ऐकत होती, पदर डोक्यावर ओढून,
सासऱ्यासमोर उभं राहावं तशी.
संपल्यावर बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली,
“तेका कोण असां बोलूक नाय कधी.
उसने घेतले तर फेडीसर जेवत नसलो.
तो गेलो म्हणून तेंका कोणी कळवूक नाय?
तू कळय. नीट बरय.”

बसले टाइप करायला.
इतकी वर्षं त्यांचे शब्द मी निवडून, पाखडून देत होते,
आपल्या बाजूने लिहायची वेळ आली
तर बोटांत तेच: उपरोक्त, सदरहू,
विषय, संदर्भ, आपला आज्ञाधारक.
‘सदर इसम मयत झाल्याने’ इथवर आले,
आणि तिच्याकडे पाहून खोडलं.
लिहिलं, सोयरू माजिक आता घरी नसतात.
खातं हे वाक्य परत पाठवेल, ठाऊक आहे.
पाठवू दे.

नाव बदलायला मृत्यूचा दाखला, तीन प्रती.
झाकणाखालून उजेड तीनदा सरकला
त्याच्या नावाखालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तिने वाकून तो पाहिला.

सहा रुपये झाले. म्हटलं, राहू दे मावशी.
तिने कमरेची गाठ सोडली,
नाणी मोजून काचेवर ठेवली, एकेक.

“घे गो,” म्हणाली,
“नायतर तूंय पत्र धाडशी.”