फुली मारलेलं चित्र

दुपारचे तीन. मिरांडेलाच्या पुलावर
ऊन असं, की नदीसुद्धा कमानींखाली सरकून बसलेली.
ब्रागान्साची बस गेली होती, पुढची साडेसहाला,
आणि बाबांची साखर कुणाची वाट बघत नाही.

एकच दार उघडं. आत चार टेबलं,
टीव्हीवर सायकलींची शर्यत, आवाज बंद,
फळ्यावर खडूनं सहा पदार्थ.
मी फोनमध्ये एकेक शब्द घालत गेले
आणि फोन प्रत्येक शब्दाला
तेच एक जनावर दाखवत गेला.
चौथ्या शब्दाला तोही संपला.

मग बाबांनी कागदी रुमाल ओढला.
उजदाच्या स्टेशनात एकतीस वर्षं सिग्नल दाखवलेला माणूस,
बोलण्यापेक्षा खुणेवर भरवसा जास्त.
डुक्कर काढलं. त्यावर फुली मारली.
वाढणारा पोरगा बराच वेळ बघत राहिला,
मग गंभीरपणे, मोडक्या इंग्रजीत,
‘नाही साहेब. आम्ही कुत्रा देत नाही.’

मी हसले. बाबा नाही हसले.

आतून हात पुसत दोना फेलिझ्मिना आल्या.
वीस वर्षं सेंत-एतियेनला कारखान्याचं कँटीन केलेलं,
त्यांची फ्रेंच माझ्याहून जुनी, चुकीची, आणि भरभर.
‘हलाल,’ मी म्हटलं, नेहमीसारखं,
म्हणजे माफी मागितल्यासारखं.

‘सूप घ्या, नुसता कोबी-बटाटा आहे,
वरची सॉसेजची चकती काढून टाकते.’
चकती काढाल, बाई. तिनं सोडलेली चरबी कशी काढाल?
हे मी बोलले नाही. बाबांनी मान हलवली.
पाव? त्यात हॅम.
भात कालचा, त्यातही तेच.
‘कोंबडी आहे, पण कुणी कापली, काय म्हणून कापली,
ते मला सांगता येणार नाही.’
हे त्या आपणहून म्हणाल्या, तेव्हा कळलं,
यांना कुणीतरी आधी शिकवलंय.

वर दांडीला सॉसेज, नालासारखे वाकलेले.
बाबांनी बोट केलं: ते?
‘ते जवळजवळ तुमचंच,’ त्या म्हणाल्या.
‘सांगतात, कधीकाळी इथले यहुदी देव लपवून जगायचे.
शेजारी बघायचे, कुणाच्या धुरात काय टांगलंय.
मग त्यांनी आतड्यात पाव, लसूण, कोंबडी कोंबली
आणि दिसायला डुक्कर टांगलं.’
‘आणि आता?’
‘आता डुक्करच घालतो. चव येते.’

बाबा त्या दांडीकडे बघत राहिले,
गाडी गेल्यावर रुळांकडे बघायचे तसे.

फेलिझ्मिनांनी माळ्यावरून खोका काढला.
कोरं पातेलं, कुणाच्या तरी लग्नात आलेलं,
किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.
ती नखानं खरवडली. अंडी उकडायला टाकली.
सार्डिन फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यावर,
‘जाळीला लागू देत नाही, बघा,’ मला दाखवत.
टोमॅटो, ऑलिव्ह. मक्याची भाकरी शेजारणीकडून,
तीही आधी चौकशी करून.

‘कँटीनला झोहरा होती,’ हात चालू ठेवून म्हणाल्या.
‘डबा वेगळा. मी रोज चिडवायची.
मग एकदा मी तीन आठवडे तापानं पडले,
तर त्याच डब्यातलं तिनं मला भरवलं.
आत काय आहे, मी विचारलंसुद्धा नाही.’
एवढंच. मग मासा उलटला.

बाबा बिस्मिल्ला म्हणाले,
परक्या घरात म्हणतात तेवढ्या आवाजात.
पोरानं, का कुणास ठाऊक, टोपी काढली.

बिलात मासे होते, अंडी नव्हती.
बाबा अरबीत भांडले, त्या पोर्तुगीजमध्ये.
हरले बाबा.

निघताना बघितलं, तर गल्ल्यामागे
तो रुमाल टाचणीनं लावलेला.
‘राहू दे,’ त्या म्हणाल्या,
‘पुढं कुणी उपाशी आला आणि कुत्रा नको म्हणाला,
तर आम्हाला कळेल.’

पुलावर ऊन तसंच.
मध्यावर बाबा थांबले.
‘शेपटी वळवलेली होती मी,’ म्हणाले,
‘चांगली वळवलेली. त्यानं नीट बघितलंच नाही.’