सारखी

झेरियास. नाव भारदस्त, पात्र चार हात.
हिवाळ्याचा देव: ऑलिव्ह झोडपून झाले की उगवायचा,
अंजिराला पानं फुटली की आटायला लागायचा.
नवस असेल तेव्हा बेटावरचे लोक त्याला देव म्हणत,
मेंढरं धुवायची असतील तेव्हा ओहोळ.

निकारेती लोकर धुवायला यायची.
डावा अंगठा जन्माचा वाकडा,
नखांत मंजिष्ठेचा लाल, अंगाला ओल्या मेंढीचा वास.
गुडघाभर पाण्यात ती उभी राहिली
की त्याला जे व्हायचं ते त्यानं सांगावं कुणाला?
म्हणून तिलाच सांगितलं.

तू रात्रीतून उकललेल्या अंजिरासारखी.
तू कड्याच्या टोकाशी थबकलेल्या करडासारखी.
तू अंधाऱ्या खोलीतल्या मधाच्या बुधलीसारखी,
दिसत नाहीस, पण खोलीला माहीत असतेस.

सारखी हा शब्द मात्र त्यानं कधी सोडला नाही.
कारण होतं. माणसाच्या जिभेला हाड नसतं,
देवाच्या जिभेला वजन असतं: म्हणेल ते होतं.
त्याचा चुलता, वरच्या खिंडीतला वारा,
लाडात येऊन एका मेंढपाळणीला म्हणाला होता,
तू माझी शिळा.
अजून उभी आहे. बकऱ्या पाठ खाजवतात तिच्यावर.
पंडित म्हणाले, उपमेचं रूपक झालं.
तिची आई मरेपर्यंत दरवर्षी तिथं तेल ओतून आली.

म्हणून हा जपून बोलायचा.
ती इकडे, अंजीर तिकडे,
मधे तीन अक्षरांचं कुंपण.

एकदा लोकर पिळता पिळता निकारेती म्हणाली,
"सारखं आपलं सारखी, सारखी!
मी कुणाकुणासारखी ते कळलं.
मी कोण, ते राहूनच गेलं.
आणि ऐक, माझं मन नाही तुझ्यावर.
राग नाही. मन नाही.
हे कशासारखं, ते विचारू नकोस."

वसंत सरला. पाणी घोट्यावर आलं, मग तळव्याखाली.
उरलेल्या डबक्यात ती उरलेली लोकर बुडवत होती.
पुढच्या हिवाळ्यात ती इथं नसणार,
समुद्रापलीकडे जाणार, मागाच्या कामाला;
बायकांच्या बोलण्यातून त्याला कळलं होतं.

एक शब्द गाळायचा फक्त.
तू माझ्या काठचा बोरू.
झालं. मुळं त्याच्यात, उन्हाळाभर त्याचीच ओल शोधत;
वारा आला की मान हलणार
आणि लांबून बघणाऱ्याला तो होकार वाटणार.

शब्द दातांशी आला.
गोट्यावर गोटा घासला.
तिनं लोकर पिळायला घेतली. अंगठा त्या बाजूला वळेना,
म्हणून मनगटानं दाब दिला, नेहमीप्रमाणे.
हे त्यानं तीन हिवाळे पाहिलं होतं
आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

तो म्हणाला,
"तू निकारेती."

देवाचीच जीभ. म्हटलं ते झालं.
पाटी डोक्यावर घेऊन निकारेती चढणीला लागली.
ओल्या पावलांचे ठसे चार दगडांवर,
मग तेही उन्हानं उचलले.

त्या काठाशी आज दाखवायला काही नाही,
झाड नाही, फूल नाही, पाझरणारा खडक नाही.
वाटाडे तिथं थांबत नाहीत.