नकाशाबाहेर

लिंबाजीमामाच्या मोटार-वायंडिंगच्या दुकानात
तांब्याच्या तारेच्या रिळांमागे
जगाचा नकाशा चिकटवलेला, खालून फाटका.
फाटला तिथंच त्याचं बेट होतं.
कंधारात बसून ते दाखवायचं झालं
तर बोट भिंतीवर ठेवावं लागे,
चुन्याच्या पोपड्यावर.

चौदा महिने जनरेटर सांभाळला त्यानं तिथं.
"झाड न्हाई. बाभूळसुदिक न्हाई."
हे आधी सांगे, बाकीचं मग:
गाभण म्हशीएवढे सील, चिखलात, ढेकर देत;
पेंग्विनांची पिल्लं तपकिरी घोंगडं पांघरून
बाजारच्या दिवशी एसटीला उभ्या माणसांसारखी
एकाच दिशेला तोंड करून.

रात्री जमिनीखालून रडणं येई.
पाखरं ती, उंदरागत बिळात राहणारी.
पण यान नावाचा म्हातारा आचारी म्हणे,
बुडालेले खलाशी आहेत,
आणि बिळाच्या तोंडाशी पावाचा तुकडा ठेवी.
मामा त्याला म्हणाला,
"आमच्याकडचा मुंजा पिंपळावर ऱ्हातो.
हितं पिंपळच न्हाई, मंग जातेत कुठं बिचारे."

आजोबा गेल्याचा निरोप रेडिओवर आला
तेव्हा दहावा होऊन गेला होता,
आणि जहाजाला अजून चार महिने.
मामानं भात शिजवला.
तीळ नव्हते, मोहरी लावली.
दक्षिणेला तोंड करायचं असतं
पण एवढ्या दक्षिणेला आलेल्या माणसानं
आणखी कुठली दक्षिण शोधावी?
वारा होता त्या बाजूला उभा राहिला.

कावळा नाही.
पेंग्विन आले, बघून गेले.
मग स्कुआ उतरला, अंडी चोरणारा, मातकट,
आणि दगडापासून हातभर लांब बसून राहिला.
"धाकटीचं लगीन लावतो," मामा म्हणाला.
(धाकटी म्हणजे माझी आई.)
स्कुआ हलला नाही.
"शेताची वाटणी हू देत न्हाई."
नाही.
बोटं बधिर झाली. यान दारातून हाका मारत होता.
"बरं. येतो माघारी. पुन्हा जात न्हाई."

पानासकट नेला म्हणे. पान म्हणजे
डब्याचं झाकण.

आता दर सर्वपित्रीला
दुकानाच्या पत्र्यावर मामा दोन घास ठेवतो.
कावळे दोन्ही खातात.
दुसरा कुणाचा, विचारलं
तर मोटारीचे वेढे मोजत राहतो,
एकशे बारा, एकशे तेरा,
मधे बोललं की पुन्हा पहिल्यापासून.