दावं धरून

गायीचा डॉक्टर आला की अंगणात गर्दी.
गाय माजावर कधी आली, कधी भरवली,
किती दिवसांनी तपासायची,
बाबा मोठ्यानं सांगत.
मी दावं धरून उभी.
कोणी आत जा म्हटलं नाही.

म्हटलं ते पुढच्या वर्षी,
फ्रॉकला डाग पडला तेव्हा.
"कावळा शिवला," एवढंच बोलून आईनं
कापसाच्या गंजीमागची जागा दाखवली.

ढोके सरांनी सतराव्या धड्याला
स्टेपलर मारून ठेवला होता.
"हा घरी वाचजा."
पोट्ट्यांनी तो वाचला दिग्रसच्या स्टँडमागे,
नाम्याच्या फुटक्या मोबाईलवर.
आम्ही वाचला तुरीच्या शेंगा तोडताना,
सुमन वहिनीच्या अर्ध्या वाक्यांत.
उरलेलं अर्धं ती हसण्यात गिळायची.

दुर्पताला चार महिने वाटत राहिलं
कावळा वाट चुकला.
मग तिला मामाच्या गावी नेलं.
हजेरीत तिचं नाव मार्चपर्यंत होतं.

आज अंगणात डॉक्टर.
दावं माझ्या लेकीच्या हातात.
"माणसायचं कसं असते व माय?"

सासरे खाकरले.
डॉक्टर पिशवीत काहीतरी शोधू लागला.
मी बादली खाली ठेवली,
पदराला हात पुसले.
"बस इथं," म्हटलं.