एकतीस नंबरचा फॉर्म

बासष्ट फॉर्म परत आले.
एकसष्टांना कागदाचा वास,
एकतीस नंबरच्या फॉर्मला लवंगेचा.

मकासरहून बोटीनं मी तेर्नातेला उतरले तेव्हा
सॅकमध्ये प्रबंधाची चार प्रकरणं होती:
कामाचा ताण, प्रेरणा आणि परिचारिकांची कार्यक्षमता.
समोर ज्वालामुखी, ढगात मान खुपसून बसलेला,
रस्त्याकडेला ताडपत्रीवर वाळत घातलेल्या लवंगा,
आणि वॉर्डच्या दारात रुगाया तोमागोला.
हातातला ट्रे खाली न ठेवताच म्हणाली,
"ठेव तिथं. रात्री भरते."

रात्री म्हणजे किती वाजता
ते मी विचारलं नाही.
अठ्ठावीस खाटा, दोघीजणी,
त्यातली एक त्या दिवशी बाळंतपणाच्या वॉर्डात पळवलेली.

प्रश्न पहिला. कामाचा भार मला झेपत नाही.
चारला गोल केलाय, खोडलाय,
गोलाला लागूनच लिहिलंय:
खाट नऊ, ३९.८, अंग पुसून घेणे.

प्रश्न चौथा. वरिष्ठ माझ्या कामाची दखल घेतात.
तिथं फक्त कपाच्या बुडाचा अर्धा गोल,
चहा तरी तिनं प्यायला असावा.

प्रश्न सातवा. मोबदला वेळेवर मिळतो.
पेन एवढं दाबलंय
की तो एक हा आकडा
मागच्या तिन्ही पानांवर उमटलाय.

अकरावा. ताणामुळे माझ्या हातून चुका होतात.
इथं ती समासात शिरलीये, मुंगीएवढ्या अक्षरात:
पावणेतीन. दोन कुप्या, एकाच उंचीच्या, दोन्हींवर निळी पट्टी.
सुई कुपीत बुडाली होती. हात थांबला.
का थांबला, देव जाणे.
नाव पुन्हा वाचलं. दुसरीच होती.
वीस आकडे मोजेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले
आणि मग हवी ती घेतली.
पेशंट झोपलेलाच होता.
याला चूक म्हणतात का तुमच्यात?
चौकोन सापडला नाही.

नव्हताच तो.
पाच चौकोन मी स्वतः आखले होते, पट्टीनं.

बारा ते अठरा कोरे.
त्या वेळात काय झालं ते कागदाला माहीत नाही.
(घरून मुलाचा निरोप आला होता, ताप उतरत नाही म्हणून.
ते मला दुसरीकडून कळलं, फार उशिरा.)

एकोणिसावा. कामाची प्रेरणा मला यातून मिळते:
पगार, बढती, कौतुक, सेवाभाव. एकच निवडा.
तिनं एकही निवडलेला नाही.
चिकटपट्टीखाली एक लवंग,
आणि शेजारी:
चौदा नंबरचे आजोबा. झाडावरून पडले, खुबा मोडलाय,
रात्रभर कण्हतात, मध्येच माझ्याकडे बघतात.
शर्टाच्या खिशात तीन लवंगा निघाल्या.
म्हणाले, सुस्तर, दाढेखाली धर, झोप येत नाही.
दोन मी संपवल्या. ही तुला.

सकाळी फाटकाशी भेटली,
हेल्मेटच्या आत डोळे तांबडेलाल.
"उपयोग होईल ना याचा?"
मी म्हटलं, हो.
स्कूटर वळेपर्यंत थांबलेसुद्धा नाही.

सरांनी फॉर्म वर धरून बघितला.
"अपूर्ण आहे. काढून टाक."
काढला.
तक्त्यात आता एकसष्ट.
ताण वाढतो तशी कार्यक्षमता घटते,
आकड्याच्या डोक्यावर छोटा तारा,
खाली तळटीप: लक्षणीय.

आज रात्री पाचवं प्रकरण.
पावणेतीन वाजलेत, ओळी एकमेकींवर चढतायत.
चिकटपट्टी सोलून काढली,
लवंग दाढेखाली धरली.
आधी झोंबली,
मग गालाची एक बाजूच बधीर झाली.

आणि "लक्षणीय" हा शब्द
मी पुन्हा वाचला, बोट ठेवून,
कुपीवरचं नाव वाचावं तसा.