बिनगाठीचा दोरा

संदूक उघडली की आधी कांद्याचा वास येतो,
मग कापडाचा.
आपल्या गावात सगळ्यालाच कांद्याचा वास, फेव्रोनिया,
स्तोत्रांच्या पोथीला, मेलेल्या नवऱ्यांच्या कोटांना,
आणि तुझ्या या शेवटच्या झग्यालाही.

शिवला तेव्हा तू पन्नाशीची होतीस,
अंगाने भरलेली, होडी एकटीने काठावर ओढणारी.
पुढे दर वर्षी पेइपुसचा बर्फ फुटला
की आपण आपापली गाठोडी उन्हात घालायचो:
पांढरा झगा, पांढरे मोजे, कफन, विणलेला पट्टा,
चामड्याची जपमाळ, जिला आपण शिडी म्हणतो.
कुंपणावरून बघायचो एकमेकींची मरणं,
स्वच्छ, कसर न लागलेली,
आणि म्हणायचो, यंदा नाही वाटतं. ठेव परत.

वाफ्याच्या हद्दीवरून तीन वर्षं बोललो नाही,
हातभर जमीन, त्यात मावतील चाळीसेक कांदे.
त्या तीन वर्षांतही तुझा झगा दोरीवर दिसेपर्यंत
मी माझा काढला नाही.
हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

यंदा बर्फ फुटायच्या आधीच तू म्हणालीस,
उलिता, झगा सैल होईल गं. दोन्ही कुशींना टीप घाल.
मी म्हणाले, तिथे कोण बघतंय?
तू म्हणालीस, आई बघेल.

म्हणून ही मी खिडकीपाशी.
बाहेर मासेमार बर्फाला भोक पाडून बसलेत,
प्रत्येक जण आपल्या भोकाशी एकटा.
सुई स्वतःकडे आणायची नाही, पुढेच न्यायची.
दोऱ्याला गाठ मारायची नाही,
जिवाला कुठे अडकायला होऊ नये.
आपल्याला हे आपल्या आयांनी शिकवलं,
पाद्री आपल्यात नाहीतच,
जे काही करायचं ते आपलं आपण.

तेरेंती येतो संध्याकाळी, मेणबत्ती लावतो,
स्वतःला ऐकू येत नाही म्हणून
देवालाही येत नसेल अशा आवाजात वाचतो.
तू उशीत तोंड घालून हसतेस.
तो गेल्यावर मी विचारते, भीती वाटते?
भीती नाही, म्हणतेस. लाज वाटते.
तिथे सगळी ओळखीची माणसं.

काल तू क्षमा मागितलीस.
जमिनीला कपाळ लावणं तुला जमणार नव्हतं,
दोन बोटं तेवढी गोधडीवरून उचललीस.
ख्रिस्तासाठी मला क्षमा कर, उलिता.
देव करेल, मी म्हणाले, तूही मला कर.
आणि मी वाकले,
वाकले ती तिथेच राहिले, गुडघ्यांनी उठू दिलं नाही.
जमिनीवरूनच सांगून टाकलं:
वाफ्याचा खुंट मीच सरकवला होता.
आणि परवा, डाव्या कुशीला,
दोरा संपला तेव्हा
मी एक गाठ मारली आहे.
चुकून नाही.

तू बराच वेळ बोलली नाहीस.
चुलीवर किटली खदखदत होती.
खुंटाचं माहीत होतं, म्हणालीस शेवटी.
मग झगा मागितलास,
मोतीबिंदूचे डोळे मिटून बोटांनी कूस चाचपलीस,
तांदूळ निवडावेत तशी, सावकाश,
आणि नखाखाली ती गाठ सापडली.

मी म्हणाले, आण, उसवते.
राहू दे, म्हणालीस.
तू येईपर्यंत हाताला काहीतरी काम हवंच.

माझ्या झग्याला कोण टीप घालणार
हे मी विचारलं नाही.
तू घडी घातलीस, बाह्या आत,
आणि मला चहा कर म्हणून हुकूम सोडलास,
दोन चमचे साखर, डॉक्टर गेला खड्ड्यात.
उठताना मी तुझ्या पलंगाचा आधार घेतला.
तू म्हणालीस, सावकाश गं,
घाई काय आहे.
गाठ पडली की सोडवू.