सातवा फास

झिपरू बर्डे आधी गुडघ्यांवर बसवायचा.
उभ्या माणसाला वाट दिसत नाही, म्हणायचा.
मी बसले. कादवेच्या अंगाला, बागेच्या शेवटच्या ओळीपाशी,
जिथे ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या होत्या
आणि पाणी रात्रभर नको तिथे गेलं होतं.
गवतात खरंच एक वाट होती,
माझ्या तळहाताएवढी रुंद,
इतकी वापरातली की तिच्यावर दव नव्हतं.

दादा सातपूरला आयटीआयला होता,
बापूंचा गुडघा गेलेला,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं.
नाहीतर पोरीला कोण शिकवतो.

तार लुनाच्या ब्रेकची.
चुलीत धरायची, चकाकी जाईपर्यंत,
मग शेण, मग कडुनिंबाचा पाला,
मग दोन दिवस हात लावायचा नाही.
सशाला जमिनीपासून चार बोटं, घेर मुठीएवढा.
कोल्ह्याला वीतभर वर, आणि घेर ढिला,
"त्याला घाई नसती, पोरी. तू पण करू नको."
खुंटी बाभळीची.

लेंड्या काडीने फोडून बघायला लावायचा.
सशाची म्हणजे नुसतं गवत, दाबून गोल केलेलं.
कोल्ह्याच्या विष्ठेत बोरीच्या बिया, उंदराचे केस
आणि द्राक्षांच्या साली. थॉमसनला बी नसते.
"आंबट म्हणतो व्हय तो?" झिपरू हसायचा.
"खालचे घड बघ. गोडी भरली की दुसऱ्या रात्री हजर.
तुझ्या बापाच्या यंत्राआधी कळतं त्याला."

अकरा दिवस माझ्या फासांत काही आलं नाही.
बाराव्या पहाटे ससा दिसला,
फासाच्या हातभर अलीकडे,
कान पाडून, माझ्याच खुंटीची साल खात.

लाखी पट्ट्याला ताणलेली.
कारवानी कुत्री, पोट पाठीला लागलेलं,
उभी राहिली तरी पळतेय असं वाटणारी.
झिपरूने पट्टा माझ्या हातात दिला.
"कवा सोडायचं ते तू ठरव."
मी सोडलं नाही.
ससा उठला, हरभऱ्यात गेला.
लाखीने माझ्याकडे बघितलं.
तसं नंतर फक्त पगारे मास्तरांनी बघितलं,
दहावीला गणिताचा पेपर अर्धा टाकून उठले तेव्हा.

पुढच्या वेळी सोडलं.
ती परत आली तेव्हा ससा गरम होता
आणि तिने तो झिपरूकडे नाही,
माझ्या पायाशी ठेवला.
मला आनंद झाला.
तो लपवायचा असतो हे अजून माहीत नव्हतं.

कोल्हा एकदाच मिळाला. पुढचा पाय अडकलेला.
ओरडला नाही, ओढाताण केली नाही,
रात्रभर करून झाली असावी.
नाकाला द्राक्षाचा चिकट रस, त्यावर माती.
झिपरू म्हणाला, तिकडं बघ जरा, शेडकडं.
मी बघितलं. पत्र्यावर सात कावळे होते.
आवाज एकदाच आला.

नियम त्याचा एकच होता.
जितके लावले तितके काढायचे.
काढणी संपली, ट्रक गेले,
मी माझे गोळा करायला निघाले.
सात लावले होते. सहा मिळाले.

दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं रांगलो,
लाखीला खाटेला बांधून.
मी म्हटलं, कोणी तरी नेला असेल.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी एकटाच आला. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी टोळीबरोबर उसाला गेला,
आणि पुढल्या हंगामात
आमच्या नाही, जाधवांच्या बागेत दिसला.

आता तिथे वाइनचं गोदाम आहे.
कुंपणाला झटका देणारी तार.
शनिवारी नाशिकहून गाड्या येतात,
माणसं पेला नाकाशी धरून डोळे मिटतात.
मी कधीतरी जाते, मागच्या बाजूने,
बांधावरची एक बाभूळ उरलीय तिथे.
गुडघ्यांवर बसते. उजवा आता
बापूंच्यासारखा वाजतो.

"काय हरवलं, मावशी?"
वॉचमन पोरगा, हातात मोबाइल.
तार, मी म्हणते.
"कसली?"
लुनाची.
तो हसतो. लुना त्याने पाहिलेली नाही.